एका माणसाचं भांडण

४ मार्च

चि. शेपटास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

सर्वप्रथम माझ्यावर होत असलेल्या अन्यायाची नोंद व्हावी. ज्या माणसाच्या लेखणीला मंत्री घाबरतात (निदान एक उपमंत्री एकदा घाबरला होता, असं त्याच्या ड्रायव्हरकडून कळलं), तो माणूस हे पत्र पेन्सिलीने लिहितो आहे. माझ्या ताईच्या, म्हणजे तुझ्या बाईंच्या, घरात शाईला बंदी आहे. टेबलावर शंभर वर्षांपूर्वीची चिनी मासिकं उघडी पडली आहेत आणि ती तशी असेपर्यंत या छपराखाली पेनाचं टोपण काढणाऱ्याला बाहेरचा रस्ता दाखवला जाईल, असं मला चपला काढता काढताच ऐकवण्यात आलं. माझी पेनं चपलांच्या कपाटात जमा आहेत. बरं, पेन्सिल तरी धड असावी! या घरातला शार्पनर पेन्सिल खातो आणि टोक देत नाही. तक्रार केली तर ताई म्हणते, "चाकूने कर. जुन्या कागदांजवळ बसायचं तर माणसाला आधी टोक करता यायला हवं." पंचावन्नाव्या वर्षी मला बालवर्गात बसवलं आहे.

आता तुला वाटेल, एवढ्यासाठी मामाने अकरा वर्षांचं मौन सोडलं? अंशतः हो. तक्रार ऐकून घेणारं माणूस लागतं, आणि माझ्या बायकोने माझी बॅग भरून देताना जो आनंद दाखवला, तो पाहता तिला पत्र लिहिण्यात अर्थ नाही.

मी इथे का आहे, ते सांगतो. ताईच्या चांगल्या डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्यावर भिस्त कधीच नव्हती. डॉक्टरांनी डोळ्यात हवेचा बुडबुडा भरला आहे. तो पडद्याला आतून दाबून धरतो म्हणे, पण त्यासाठी पेशंटने दिवसरात्र मान खाली घालून बसायचं. एकाहत्तर वर्षांत ताईने पहिल्यांदाच कोणाच्या सांगण्यावरून मान खाली घातली आहे. मी फोटो काढणार होतो, पण फुंकणीसारखी काठी हाताशी असते तिच्या.

वाचायचं नाही, लिहायचं नाही. आणि नेमकी आत्ताच 'उंबरठ्यावरचे दोघे'ची नवी आवृत्ती निघते आहे. तेव्हा मुद्रितं मी मोठ्याने वाचायची आणि तिने जमिनीकडे बघत दुरुस्त्या सांगायच्या. कामाची वेळ नऊ ते एक, चार ते सात. चहा मिळतो. कौतुक मिळत नाही.

शेपटा, हे पुस्तक मी आजवर वाचलेलं नव्हतं. सख्ख्या बहिणीचं पुस्तक कोण वाचतं? सगळ्या जगाने वाचलं, अभ्यासक्रमाला लावलं, त्यावर पोरं पास-नापास झाली. मला फक्त ते घरात कसं जन्मलं ते माहीत. ताई सोळा वर्षांची असताना दाढ दुखते म्हणून चिनी दंतवैद्याकडे गेली आणि त्याच्या भिंतीवरच्या अक्षरांचा अर्थ विचारून आली. तोंडात त्याचा हात असताना विचारलं तिने! पुढे दाढ बरी झाली तरी ती दर शनिवारी जायची. वडील म्हणाले, "दात किती आहेत हिला?" तिचा पहिलाच चिनी प्राध्यापक तिचे उच्चार ऐकून म्हणाला होता, की हे उत्तरेकडचे नाहीत, दक्षिणेकडचेही नाहीत, हे तोंड उघडं ठेवून शिकलेले आहेत.

तो दंतवैद्य जाताना आपल्या बापाची जुनी मासिकं ताईच्या नावे ठेवून गेला. त्यात ते दोघे सापडले. तुला काय सांगायचं म्हणा. पण मी सांगणारच, कारण मला ते परवा कळलं. एकजण 'थंड शाई' या नावाने लिहायचा: जुनी विद्या जपा, दुरुस्त करा, टाकू नका. दुसरा 'लाकूडतोड्या': जुनं सगळं तोडा, जाळा, हात शेकून घ्या. आठ वर्षं भांडले. एका देशाने नवं व्हायचं म्हणजे काय करायचं, हा सगळा प्रश्न त्या दोघांच्या भांडणात ताईने पकडला. त्यासाठी दोन हिवाळे परदेशच्या दफ्तरखान्यात बोटं कापलेले हातमोजे घालून हाताने नकला उतरवल्या. तिथे कॉपी काढून देत नसत. परत आली तेव्हा बॅगेत कपडे नव्हते, नुसते कागद होते. आई म्हणाली, "हुंडा आणलाय पोरीने."

हसलो आम्ही. पण ती रात्री-अपरात्री, पाहुण्यांत, आईच्या आजारपणात, त्या कागदांशी ज्या निष्ठेने बसली, तशी मी कशाशीच बसलो नाही. हे मी तिला सांगणार नाही. तूही सांगू नकोस.

बाईंचं शेपूट म्हणून मिरवणारी तू इथून गेलीस, त्या दिवशी व्हरांड्यात आपली पैज लागली होती, आठवते? मी म्हणालो होतो, ताई या जन्मात चूक कबूल करणार नाही. तू नाक पुसत म्हणालीस, "करतील, मामा." डझनभर पेन्सिलींची पैज.

तुझा,
मामा


१३ मार्च

चि. शेपटास,

तू उत्तर दिलं नाहीस. चांगलं आहे. मला मधे तोडलेलं आवडत नाही.

परवाची गोष्ट. मी तिसरं प्रकरण वाचत होतो. लाकूडतोड्या लिहितो: "तुम्ही आजोबांच्या चष्म्यातून जग बघता." पुढच्याच अंकात थंड शाई: "चष्मा आजोबांचा आहे खरा. काच मात्र मी बदलली. आपण तर चष्माच फोडून बसलात, आता धडपडाल तेव्हा हात कोणाचा धराल?"

मी हसायला लागलो.

"यात हसण्यासारखं काय आहे?" ताईने जमिनीला विचारलं.

"काही नाही. फार सोयीचं भांडण आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे खरा शत्रू इतका सोपा चेंडू टाकत नाही गं. याला जे उत्तर द्यायचंय, तेवढ्याच मापाची शिवी तो आधी देऊन ठेवतो. आणि आठ वर्षांत एकदाही एकाने दुसऱ्याचा मुद्दा चुकीचा समजून घेतलेला नाही. असं कुठलं भांडण असतं? ताई, हा एकच माणूस आहे."

"तुला चिनीतलं ओ की ठो कळत नाही, धाकट्या."

"चिनी नाही, पण धंदा कळतो. माझ्या सदरावर दर पंधरा दिवसांनी एक निवृत्त मुख्याध्यापक तुटून पडतात, वाचतेस ना तू?"

"वाचते. फार समंजस गृहस्थ आहेत."

"तो मी आहे."

ताईने काठीचं टोक जमिनीवर फिरवलं. मग म्हणाली, "मला ते तुझ्यापेक्षा आवडायचे."

मला वाटलं विषय संपला. मी पान उलटलं. तेवढ्यात तिने हात वर केला, वर्गात करायची तसा.

"थांब. शेपटाने सांगितलं होतं."

अकरा वर्षांत तुझं नाव या घरात निघालं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या चर्चासत्राला मी मागच्या बाकावर होतो, फुकट चहासाठी. तू उभी राहून म्हणालीस, दोघेही एका प्राचीन ग्रंथातला तोच उतारा देतात आणि दोघांच्याही उताऱ्यातून तेच एक वाक्य गळलेलं आहे. दोघांनी पाठ केलेलं, आणि चुकीचं पाठ केलेलं. ताई म्हणाली, गुरुजी एक असतील. तू म्हणालीस, "पण बाई, तुमच्याच पुस्तकात एक उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा आहे." सभागृह हसलं. त्या हसण्याने घात केला. त्यानंतर ताई जे बोलली, की तुला अभ्यास करायचा नाही, जिंकायचं आहे, त्यासाठी मैदानावर जा, ते मी पुन्हा लिहीत नाही म्हणता म्हणता लिहिलंच.

परवा ती म्हणाली, "मासिकं काढ. ते दोन अंक. आणि फडताळातून मूळ ग्रंथ."

"आणि वाचणार कोण?"

"तू."

शेपटा, परवापासून मी चिनी वाचतो आहे! अक्षर दिसेल तसं वर्णन करायचं आणि खाली मान घातलेल्या बाईने ते ओळखायचं.

"वर छप्पर. छपराला शेंडी."

"छपराखाली?"

"एक बाई. मांडी घालून बसलेली दिसते."

"शांती. पुढे."

"छपराखाली एक बाई आणि त्याला शांती म्हणतात? चिन्यांनी आपलं घर बघितलेलं नाही."

"पुढे."

"डावीकडे माणूस, उजवीकडे झाड. माणूस झाडाला टेकून उभा."

"विश्रांती."

"मला वाटलं उपसंपादक."

कधी मी सांगायचो, "शिडी, शिडीवर कावळा, खाली चार ठिणग्या," आणि ती क्षणभर थांबून, हवेत बोट फिरवून, बरोबर शब्द सांगायची. हे मी पाहिलं. माझ्या अर्धवट, चावट वर्णनातून तिच्या डोक्यात अख्खं पान उभं राहत होतं. बाहेर कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्यावर सदर लिहिलं असतं.

काल दुपारी आम्ही त्या वाक्यापाशी पोचलो. मूळ ग्रंथात आहे. थंड शाईकडे नाही. मग दुसरा अंक. लाकूडतोड्याकडे नाही.

"पुन्हा बघ. पानाच्या घडीत गेलं असेल."

पुन्हा पाहिलं. घडीत धूळ होती.

डॉक्टरांच्या आज्ञेने ताईची मान खालीच होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही. मी चहा करायला आत गेलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ चहा केला.

मामा


२२ मार्च

चि. शेपटास,

तुझं उत्तर पोचलं. तीन वाक्यं. "मामा, तो निबंध घर बदलताना रद्दीत गेला. मी आता यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करते, मला त्या दोघांशी देणंघेणं नाही. बाईंना म्हणावं डोळे सांभाळा." तिसरं वाक्य लिहिलं नसतंस तर मी गप्प बसलो असतो.

इथे काय चाललं आहे ते ऐक. प्रकाशक आले होते. गुटगुटीत माणूस, सोबत बिस्किटांचा पुडा. ताईने सांगितलं, पुस्तकाचा कणा चुकला आहे, शेवटी नवं प्रकरण घालायचं. त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि ते तिथेच राहिलं.

"बाई, चाळीस वर्षं खपतंय पुस्तक. आता कशाला?"

"चाळीस वर्षं चुकीचं खपतंय, म्हणून."

"बरं, बरं. मग असं करू. चाळीस वर्षांनी बाईंचा नवा शोध! मुखपृष्ठावर पट्टी लावतो. धडाक्यात जाईल."

"शोध माझा नाही. माझ्या विद्यार्थिनीचा आहे. तिचं प्रकरण, तिचं नाव."

"ती कुठे आहे? अकरा वर्षांत एक ओळ तरी छापून आली का तिची? कोणाला कळणार आहे, बाई?"

"मला कळणार आहे."

मी त्या वेळी खिडकीबाहेर बघत होतो.

प्रकाशकांनी शेवटी कराराकडे बोट दाखवलं. तीस एप्रिलपर्यंत तुझ्या सहीचं संमतिपत्र आलं तर तुझं प्रकरण छापतील. नाही आलं तर जुना मजकूर जसाच्या तसा जाईल, आणि तो हक्क त्यांना आहे. पुढची आवृत्ती कधी? दहा-पंधरा वर्षांनी. ताई एकाहत्तरची आहे. मला गणित येत नाही, पण हे आलं.

तुझं उत्तर मी तिला वाचून दाखवलं. निबंध रद्दीत गेला, हेही. म्हटलं, आता ही खचेल. ती म्हणाली, "पेन्सिल घे."

आणि तिने तुझा निबंध सांगितला. पहिल्या मुद्द्यापासून. एकाच्या आजारपणात दुसऱ्याचंही लिखाण बंद, हा तुझा मुद्दा. दोघांची पत्रं संपादकाच्याच पत्त्यावर यायची, त्या पत्त्याचा. गळलेल्या वाक्याचा. तू कुठे थांबलीस, कुठे पाणी प्यायलीस, कोणता मुद्दा घाईत उरकलास, सगळं. दोन दिवस मी उतरवून घेतलं. टोकं करून करून अंगठ्याला घट्टा पडला.

मी विचारलं, "एकदाच ऐकलं होतंस ना तू हे?"

"एकदाच."

"मग इतकं कसं आठवतं?"

"अकरा वर्षं मी तिला रोज उत्तर देते आहे, धाकट्या. स्वयंपाक करताना, आंघोळ करताना. रोज नवं उत्तर. एकही टिकलं नाही."

संमतिपत्रासोबत ते कागद पाठवतो आहे. तुझेच आहेत. एका ठिकाणी, संपादकाच्या पत्त्याबाबत, ताईचं म्हणणं आहे की तू चुकलीस. तिथे तिने तळटीप घातली आहे. मी म्हटलं, "माफी मागताना तळटीप घालतात का?" तर म्हणते, "माफी माफीच्या जागी. पत्ता चुकलाच आहे."

वाच. फाड किंवा सही कर. पण वाच.

मामा


९ एप्रिल

चि. शेपटास,

तुझ्याकडून काही नाही. ठीक आहे.

काल विद्यापीठात ताईचा सत्कार होता. बुडबुडा विरला आहे, मान वर करायला परवानगी मिळाली आहे, डोळ्यावर हिरवी झापड आहे. तिला म्हटलं, शेपटाची संमती आलेली नाही, मग आज गप्प राहा, मानचिन्ह घे आणि घरी चल. म्हणाली, "पुस्तक प्रकाशकाचं आहे. तोंड माझं आहे."

विभागप्रमुखांनी अर्धा तास 'त्या दोन महान प्रतिस्पर्ध्यांवर' भाषण केलं. मायक्रोफोन मधून मधून कळवळत होता, त्याला सगळं आधी कळलं असावं. मग ताई उठली. हातात कागद नाही, दिसतच नाही तर कागद कशाला. म्हणाली, "मी चाळीस वर्षं एका भांडणात पंच म्हणून उभी आहे. मैदानात एकच माणूस होता."

लोक हसले. मग हसायचे थांबले.

तिने सगळं सांगितलं. तुझे मुद्दे, तुझ्या क्रमाने. प्रत्येक मुद्द्याआधी "माझी विद्यार्थिनी म्हणते" असं म्हणून. तुझं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट. मग म्हणाली, "हे तिने याच सभागृहात सांगितलं होतं. तुमच्यापैकी काहीजण तेव्हा हसलात. मला वाटलं तुम्ही मला हसताय. मी तिच्यावर राग काढला. ते चूक होतं. पुरावा तिच्याकडे होता आणि माझ्याकडे फक्त खुर्ची होती."

प्रकाशक दुसऱ्या रांगेत रुमाल शोधत होते. मागून एक तरुण प्राध्यापक उठला. त्याचा प्रबंधच त्या दोघांवर आहे, बिचारा.

"बाई, मग तुमच्या पुस्तकात उरलं काय?"

मी त्याला शाप द्यायच्या बेतात होतो. ताईचा चेहरा उजळला. खरंच, शेपटा, दाढ दुखणाऱ्या त्या मुलीचा असावा तसा.

"आत्ता तर प्रश्न उरला!" ती म्हणाली. "दोन माणसं भांडली, यात नवल काय? पण एका माणसाला जुनं जपायचंही होतं आणि जाळायचंही होतं, आणि एका नावात ते मावत नव्हतं. त्याचा सगळा काळच तसा होता. मी तो काळ दोन माणसांत वाटून टाकला, सोपा केला. आता बसा आणि अवघड करा."

टाळ्या वाजल्या की नाही मला आठवत नाही. मी सभागृहाबाहेर जाऊन एका झाडाला टेकून उभा राहिलो. विश्रांती.

घरी येताना टॅक्सीत ती फक्त एवढंच म्हणाली, "तिने ऐकायला हवं होतं." मी म्हटलं, "कळवतो." "अजून लिहितोस तिला?" "पेन्सिलीने," मी म्हटलं. ती खिडकीकडे वळली. "ख्यालीखुशाली विचार."

तर, कशी आहेस?

मामा


२६ एप्रिल

चि. शेपटास,

पाकीट पोचलं. वरच तुझी सही दिसली. ती मी आधी वाचली, मग खाली बसलो, मग बाकीचं वाचलं.

संमतिपत्र घेऊन मी स्वतः प्रकाशकांकडे गेलो आणि पोच घेतल्याशिवाय उठलो नाही. प्रकरण तुझ्या नावाने जाईल. ताईच्या सांगण्यावरून पुस्तकाचं नावही बदलतं आहे: 'उंबरठ्यावर'. दोघे गेले. प्रकाशक आता सगळ्यांना सांगतात की कल्पना त्यांचीच.

तुझे समासातले शेरे मी ताईला मोठ्याने वाचून दाखवले. "हे मी असं म्हटलं नव्हतं, याहून बरं म्हटलं होतं." तिने मान डोलावली. मग तळटीप आली. त्यावर तू काट मारून लिहिलं आहेस: "पत्ता बरोबर आहे. बाईंनी चुकीच्या वर्षीची पत्त्यांची निर्देशिका पाहिली."

ताईने मला दोन वेळा वाचायला लावलं. मग हसू लागली, झापड ओली होईपर्यंत. डॉक्टरांनी मना केलं आहे, पण ऐकतं कोण.

"अजून तशीच उद्धट आहे," ती म्हणाली. "फडताळातून निर्देशिका काढ."

तेव्हापासून आम्ही निर्देशिका वाचतो आहोत. शिड्या, कावळे, छपरं. तुला लांबलचक उत्तर येईल, सोबत पुरावे. तयारीत राहा. आणि जुलैत सुट्टी आहे, असं तू पाकिटाच्या मागच्या बाजूला उगीचच लिहिलं आहेस. मी ते ताईला उगीचच वाचून दाखवलं. तिने पाहुण्यांच्या खोलीतली पुस्तकं पलंगावरून खाली काढायला सांगितली आहेत. पलंग होता, हे मला माहीत नव्हतं.

माझी पेनं परत मिळाली आहेत. तरी हे पत्र पेन्सिलीनेच लिहितो आहे. सवय लागली, दुसरं काही नाही.

सोबत एक लांबट डबा पाठवतो आहे. डझनभर आहेत. टोकं मी स्वतः केली, चाकूने. प्रवासात एखादं मोडेल, म्हणून एक जास्तीची घातली आहे.

मामा